सुलेखा आगाशेचा बंड्या

सुलेखा आगाशे नवऱ्याला सोडून ट्रकमध्ये राहायला गेली, ही बातमी डब्लिनच्या ॲडम्सटाउनमध्ये एका मंगळवारी सकाळी फुटली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ब्लँचर्डस्टाउनला पोचली. बातमी कोणी फोडली ते सांगणं बरं नव्हे, यामिनीला वाईट वाटेल. तिने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भल्या सकाळी सुलेखा ट्रकच्या पुढच्या सीटवर बसलेली, अंगावर शाल, हातात चहाचा मग, समोर चिवड्याची बरणी, आणि मुख्य म्हणजे उशी. उशी दिसल्यावर आणखी पुरावा कशाला हवा? ब्लँचर्डस्टाउनकर तर एक पाऊल पुढे गेले. डब्लिनमधली घरभाडी बघता सुलेखाने शहाणपणाच केला असं त्यांचं मत पडलं, आणि एकाने मागचा हौदा भाड्याने देणार का, अशी चौकशीही करून ठेवली.

खरं एवढंच होतं, की त्या आठवड्यात तिचा नवरा आशिष घरून काम करत होता. आशिष पुण्याचा. एरवी अत्यंत कमी बोलणारा माणूस, पण मीटिंगमध्ये समोरचा बंगळुरात असेल तर बंगळुरापर्यंत आणि बोस्टनला असेल तर बोस्टनपर्यंत, मध्ये इंटरनेट नसलं तरी चालेल, अशा बेताने बोलतो. आमच्या रांगेतल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. त्याच्या प्रोजेक्टची डेडलाइन कधी आहे ते शेजारच्या दोन्ही घरांना पाठ झालेलं असतं. सुलेखालाही मीटिंगा होत्या, म्हणून ती लॅपटॉप घेऊन दारातल्या ट्रकमध्ये जाऊन बसली. ती गेली कित्येक वर्षं अधूनमधून तसं करते. घरातली सगळ्यात मोठी, शांत आणि गरम खोली तीच आहे, असं तिचं म्हणणं.

आणि ती उशी झोपायची नव्हे, बसायची.

कारण सुलेखाची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. नागपुरात शाळेच्या रांगेत ती पहिली, ग्रुप फोटोत खाली बसलेल्यांत पहिली, आणि लग्नात अंतरपाटापलीकडे तिच्यासाठी एकावर एक दोन पाट ठेवले होते, तरी आशिषच्या मामांनी 'नवरी आली का?' म्हणून विचारलंच. डब्लिनला आल्यावर तर बोलायलाच नको. बसमधली कडी हाताला लागत नाही. दुकानातल्या वरच्या फळीवरचं ओट्सचं पाकीट काढून द्यायला कुणातरी ताडमाड पोराला 'सॉरी, लव्ह' म्हणून थांबवायचं. ऑफिसात लिफ्टमध्ये शिरली की चारी बाजूंनी शर्टाची बटणं. आयुष्यभर या बाईने माणसांच्या हनुवट्या पाहिल्या. त्यात पहिली काही वर्षं तिला इथे नोकरीची परवानगी नव्हती, तेव्हा तिचं काम आशिषच्या छोट्या गाडीत त्याच्या शेजारी बसून 'आता डावीकडे वळ' म्हणायचं. तेही यंत्रातली बाई तिच्या आधी म्हणायची.

मग तिला नोकरी लागली, डेटाबेस सांभाळायची, आणि तिथे एक अमेरिकन साहेब होता. तो टेक्सासला परत निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. आगाशे दांपत्य तिकडे गेलं ते जेवणाच्या टेबलासाठी. टेबल शिसवी रंगाचं, आठ माणसांचं, सुरेख. फक्त आशिषच्या गाडीत त्याचा एक पाय मावत होता. साहेब म्हणाला, त्यात काय, माझ्या ट्रकमधून नेऊ.

ट्रक म्हणजे आपल्याकडे विटा वाहतो तो नव्हे. अमेरिकेत लोक भाजी आणायला नेतात तो, पुढे पाच माणसांची प्रशस्त केबिन, मागे उघडा हौदा, रंग पिकलेल्या डाळिंबाचा. आमच्या वसाहतीतल्या पार्किंगच्या चौकोनात उभा केला तर त्याचं नाक फुटपाथवर आणि शेपूट रस्त्यावर. साहेबाने तो मूळचा तिकडूनच आणलेला, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. सुलेखा चुकून त्याच डाव्या बाजूने चढली, कारण इथे नवऱ्याशेजारची जागा डावीकडे असते. चढली म्हणजे पायरीवर एक पाय, दारातल्या कडीला एक हात, आणि मग उडी. समोर स्टिअरिंग आलं. तिने काचेतून बाहेर पाहिलं. खाली साहेब उभा होता, सव्वासहा फुटांचा. त्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडायला लागलंय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"टेबल राहू द्या," सुलेखा म्हणाली. "हा कसा दिला?"

आशिषला वाटलं चेष्टा चाललीय. साहेबालाही. पुढच्या आठवड्यात ट्रक दारात आला, आणि हौद्यात टेबलही, कारण साहेबाने ते खुशीने वर दिलं. सुलेखाने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि एवढ्या मोठ्या धुडाचं नाव बंड्या ठेवलं. समोरच्या मॉरीनबाई खिडकीतून बघत होत्या. लिंबं चिरडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात क्रॉस काढला, पण लगेच बाहेर येऊन नारळाचा तुकडा मागून घेतला.

पहिल्या वर्षी मजा आशिषची झाली. डाव्या स्टिअरिंगची गाडी, त्यामुळे आशिष उजवीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांच्या दृष्टीने ड्रायव्हरच्या जागी. तो तिथे बसून डब्यातला पराठा खातोय, फोन बघतोय, कधी चक्क डोळे मिटून घोरतोय, आणि गाडी ताशी शंभरने चाललीय. किलकॉकच्या पुढच्या टोलनाक्यावर हात बाहेर काढायचा तो त्यानेच. पार्किंगचं तिकीट त्यानेच खेचायचं. बर्गरच्या खिडकीतून पिशव्या त्यानेच घ्यायच्या. टोलवरच्या बाईने एकदा त्याला विचारलं, "आर यू ऑल राइट देअर?" असं काहीसं, म्हणजे बाबा रे, तुझं स्टिअरिंग कुठे गेलं? आशिषने पलीकडे बोट दाखवलं. उशीवर बसलेल्या सुलेखाने हात हलवला. बाई इतकी हसली, की मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले.

सुलेखाची मजा निराळीच होती. केरीत एका अरुंद बोळात, दोन्हीकडे कुंपणाची झुडपं आणि मध्ये जेमतेम बंड्याइतकीच वाट, समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने बंड्याकडे पाहिलं, झुडपांकडे पाहिलं, टोपी मागे सारली, आणि मुकाट्याने ट्रॅक्टर मागे घेत घेत पार शेताच्या फाटकापर्यंत नेला. जाताना दोन बोटं उचलून सलाम ठोकला. सुलेखाने ही हकिकत महिनाभर सगळ्यांना सांगितली. ऐकणाऱ्यांना त्यात विशेष काही दिसेना. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सुलेखाला बघून मागे सरकलं होतं.

आशिषने ते ओळखलं होतं. म्हणून तो बंड्याच्या पेट्रोलबद्दल कुरकुरायचा, पार्किंगबद्दल कुरकुरायचा, शॉपिंग सेंटरमध्ये सगळ्यात लांबच्या टोकाला दोन चौकोन अडवून उभं राहायचं आणि मग भर पावसात दारापर्यंत चालायचं याबद्दल तर फारच कुरकुरायचा, पण 'विकून टाक' असं त्याने वर्षानुवर्षं म्हटलं नाही.

आता मराठी मंडळात एका माणसाकडे ट्रक आहे म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. घर बदलायचं, सुलेखाला फोन. कपाट आणायचं, सुलेखाला फोन. विद्याने तीन वर्षांत तीनदा घर बदललं, तिन्ही वेळा बंड्या. इन्शुरन्स फक्त सुलेखाचा, त्यामुळे ट्रक मागायचा म्हणजे सुलेखाही मागायची, आणि सुलेखा कधी नाही म्हणायची नाही. उंच माणसांची कपाटं आपल्याशिवाय हलत नाहीत याचं तिला कोण समाधान.

पण आपल्या लोकांची एक खोड आहे. शेजारणीकडून भाजीची वाटी आली तर ती आपण रिकामी परत पाठवत नाही, निदान साखर तरी घालतो. बंड्याचंही तेच झालं. सामान उतरवून सुलेखा निघाली की घरमालकीण दारात हळहळायची, "अगं, रिकामी कशी जाशील?" आणि हौद्यात काहीतरी पडायचं. वाटी असती तर साखरेवर भागलं असतं. हौदा साडेपाच फुटांचा. त्यात कांद्यांचं पोतं आलं, मनीप्लांटच्या कुंड्या आल्या, एक पाय मोडका पाळणा आला, आणि लूकनच्या एका कुटुंबाने तर चालायचं मशीनच चढवलं. "तुला उपयोगी पडेल गं," म्हणाले. ते मशीन आगाश्यांच्या बैठकीत आहे. त्यावर आशिषचे शर्ट वाळतात.

इथवर सगळं ग्रँड चाललं होतं, इथले लोक म्हणतात तसं. मग मंडळाच्या गणपतीत रविकांतच्या डोक्यातून एक कल्पना निघाली.

रविकांत म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. मूळचा मुंबईचा, माणूस दिलदार, झब्बा कायम इस्त्रीचा, आणि धर्मशास्त्राच्या बाबतीत त्याला कधीही काहीही आठवू शकतं. मंडळाची मूर्ती शाडूची, चांगली वजनदार. कौन्सिलची परवानगी काढून डून लेरीच्या पुढे एका छोट्या धक्क्यावर विसर्जन व्हायचं. तिथे पाण्यात उतरत जाणारा उतार आहे, होड्या सोडायला केलेला. पहिल्या वर्षी चौघांनी मूर्ती हातावर नेली, आणि शेवाळावरून रविकांतचा पाय सटकला. बाप्पा वाचले. रविकांत नव्या कोऱ्या बुटांसकट कमरेपर्यंत आयरिश समुद्रात बसला. तिथलं पाणी सप्टेंबरातही असं, की त्याला तासभर बोलता येईना, आणि ते विसर्जन सगळ्यांना फार प्रसन्न वाटलं.

पुढच्या वर्षी तो म्हणाला, "वहिनी, बंड्याला उलटा घ्या उतारावरून. मागची चाकं पाण्यात, हौद्याची मागची फळी खाली पाडायची, झाला चौरंग. बाप्पा अलगद सरकतील."

खरंच अलगद सरकले. फोटो तर असे आले की कॉर्कच्या मंडळाने हळहळ व्यक्त केली. सुलेखाने बाजूच्या आरशात बघत इतक्या सफाईने तो ट्रक पाण्यात घातला की धक्क्यावरच्या पोहणाऱ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दरवर्षी तसंच ठरलं. बंड्याच्या त्या पहिल्या विसर्जनाहून निघताना आशिष म्हणाला होता, "पाइप मारून घेऊ का खालून? खारं पाणी आहे." त्यावर रविकांतने हात वर केला. "छे छे! विसर्जनाचं पाणी लगेच धुवायचं नसतं."

कुठल्या शास्त्रात हे आहे, कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सुलेखा नागपूरची, तिच्या लेखी समुद्र म्हणजे सुट्टी आणि भेळ. लोखंडाचं आणि त्याचं वैर तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ऑफिस, तिसऱ्या दिवशी पाऊस. रविवारी बंड्याला आंघोळ व्हायची ती वरून, साबण लावून, चकचकीत. खाली वाकून बघायची गरज बुटकी बाई असूनही तिला कधी वाटली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात टेस्टची तारीख जवळ आली. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, अशी असल्या गाड्यांची इथे दरवर्षी टेस्ट, आणि सुलेखा त्याआधी बंड्याला फिंटनकडे नेऊन आणते. फिंटन सेलब्रिजच्या पलीकडे एका शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतो. मागची दोन वर्षं तो 'खाली जरा लालसर दिसतंय हां' एवढंच म्हणाला होता, आणि सुलेखाला ते कौतुक वाटलं होतं, रंग डाळिंबी असल्यामुळे. या वर्षी त्याने ट्रक वर उचलला, खाली उभा राहिला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागच्या चासीत, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यात, टोचला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. पापडात बोट जावं तसा.

फिंटनने तो बाहेर काढून त्याकडे पाहिलं. मग सुलेखाकडे.

"हा समुद्रात चालवलाय का?" त्याने विचारलं.

"वर्षातून एकदाच," सुलेखा म्हणाली.

"कशासाठी?"

"देवासाठी."

फिंटन कॅथॉलिक माणूस. त्याने स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसला. "आणि देव काय म्हणाला?"

देवाचं माहीत नाही, पण फिंटनचं म्हणणं असं होतं: चासीचा मागचा भाग दोन्हीकडून कापून नवं लोखंड जोडावं लागेल. ते जमेल. पण त्याआधी पुढपासून मागपर्यंतचा गंज खरवडून लख्ख लोखंड उघडं करायला हवं, नाहीतर वेल्डिंग धरणार नाही. त्याचा मदतनीस ऑस्ट्रेलियाला निघून गेलेला, तो एकटा, आणि टेस्ट तोंडावर. "इंजिन उत्तम आहे," तो म्हणाला. "मला एक माणूस माहीत आहे, इंजिन काढून घेईल. बाकी भंगार. वाईट वाटून घेऊ नकोस. एवढी वर्षं चालला."

सुलेखा शेडच्या बाहेर येऊन उभी राहिली. घरी जायला आशिष त्याच्या छोट्या गाडीतून आला होता. ती सवयीने डाव्या बाजूला जाऊन बसली. समोर स्टिअरिंग नव्हतं. पुढे एक दूधवाहू लॉरी होती, तिच्या मागच्या चाकापलीकडे काही दिसत नव्हतं.

"इलेक्ट्रिक घेऊ एखादी," आशिष हळूच म्हणाला. "छोटी. मी दोन बघून ठेवल्यात."

"उशी राहिली त्याच्यात," सुलेखा म्हणाली, आणि घर येईपर्यंत पुढे काही बोलली नाही. त्या मुक्या प्रवासाने आशिष जितका घाबरला तितका तो मोठ्या आवाजाने कधी घाबरला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. कसलीही हळहळ नाही, आठवण करून देणं नाही, पैशाचं नाव नाही. 'बंड्याची चासी गंजली आहे. शनिवारी दहा वाजता सेलब्रिजजवळ श्रमदान. ज्यांच्या घरातलं काहीही कधीही बंड्यातून गेलंय त्यांनी जुने कपडे घालून यावं. ब्रश मी देईन. शनिवारी खरवडून झालं नाही तर बंड्या भंगारात जाईल.' खाली पत्ता.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. हात जोडलेले आले, रडके चेहरे आले, डाळिंबी रंगाची हृदयं मिळाली नाहीत म्हणून लाल आली. मंडळातल्या पियूषने कुठली गाडी घ्यायला हवी होती यावर लेख लिहिला. रविकांतने 'बाप्पा बघून घेईल' असं लिहिलं. येतो असं स्पष्ट कुणी लिहिलं नाही.

शनिवारी दहा वाजता शेडमध्ये तीन माणसं होती. सुलेखा, आशिष आणि फिंटन. अकराला तीनच. फिंटनने बंड्या खाली घेऊन चार ठोकळ्यांवर टेकवला होता, म्हणजे एकावेळी अनेकांना खाली शिरता येईल. तो पुन्हा पुन्हा फाटकाकडे बघत होता आणि सुलेखा मुद्दाम बघत नव्हती. शेवटी तिने पदरासारखी ओढणी कमरेला खोचली, तारेचा ब्रश उचलला आणि पाठीवर सरकत ट्रकखाली गेली. तिथे मात्र तिच्या उंचीचं सोनं झालं. आशिषचं डोकं तिथे दोनदा आपटलं, ती आरामात उताणी पडून हात चालवत होती. लाल भुकटी तिच्या कपाळावर, केसांत, चष्म्यावर.

"अगं, कोणी येणार नाही," आशिष शेजारी आडवा होत म्हणाला. "शनिवार आहे. पोरांचे क्लास असतात."

"तू काहून आलास मग? तुला तर इलेक्ट्रिक पाहिजे ना?"

आशिषने थोडा वेळ गंज खरवडला. "इलेक्ट्रिकमध्ये मला ड्रायव्हिंग करावं लागेल," तो म्हणाला. "माझी झोपायची सवय मोडेल."

साडेअकराला पहिली गाडी आली. विद्या, तीन घरांची. मग दुसरी, तिसरी, आणि मग मराठी लोक एकदम येतात तसे एकदम आले. उशीर का झाला तर पोहे करत होते. रिकाम्या हाताने कसं यायचं? फिंटनच्या अवजारांच्या टेबलावर पोह्यांचा डबा, इडल्यांचा डबा, चहाचे दोन थर्मास आणि कुणाच्यातरी लेकाच्या वाढदिवसाचा उरलेला केक. जुने कपडे म्हणजे काय ते मात्र सगळ्यांनी एकच ओळखलं होतं. आयटीतल्या माणसाकडे जुने कपडे नसतात, कंपनीने फुकट दिलेले टी-शर्ट असतात. शेडमध्ये अर्धा डझन कंपन्यांच्या जाहिराती पाठीवर झोपून बंड्याखाली शिरल्या.

काम सगळे करत होते असं म्हणणं खोटं होईल. चौघं खरवडत, दोघं कुठे खरवडायचं ते सांगत, एक जण फोटो काढत, आणि पियूष फिंटनला गंजाचं रसायनशास्त्र समजावत होता. फिंटन हिरवी मिरची बाजूला काढत पोहे खात होता आणि मधूनमधून 'इज दॅट सो' म्हणत होता. पण पाळीपाळीने का होईना, चासी उजळत गेली.

रविकांत बाराला आला. झब्बा नव्हता, तरी टी-शर्टलाही इस्त्री. "वहिनी, सांगा, कुठे घुसू?"

"मागे," सुलेखा म्हणाली. "अगदी मागे. जिथे पाणी लागतं तिथे."

तो घुसला. थोड्याच वेळात खालून आवाज आला, "अहो, इथे तर भोकं आहेत! हे एवढं कसं गंजलं?"

"अमेरिकन माल," कुणीतरी म्हणालं.

फिंटनला प्रश्न कळला असावा. तो पोह्यांची बशी घेऊन वाकला आणि ट्रकखालच्या पायांना उद्देशून म्हणाला, की मीठ, दुसरं काय. पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्याचा पाइप पाच मिनिटं मारला असता तर यातलं काही झालं नसतं. न धुता तसाच ठेवायची अक्कल कुठल्या शहाण्याची, देव जाणे.

शेडमध्ये ब्रशांचा आवाज थांबला. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रविकांतचे फक्त बूट दिसत होते, तेही हलेनासे झाले.

"शास्त्रात आहे ते," बूट म्हणाले.

"कुठल्या?" विद्याने विचारलं.

बूट जरासे आत ओढले गेले. "आई म्हणायची."

"तुझ्या आईकडे ट्रक होता?" आशिषने विचारलं.

त्यानंतर शेडमध्ये जे हसणं झालं त्याने पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांनी डोकी वर केली. रविकांत मात्र खाली होता तो संध्याकाळी सगळे निघेपर्यंत वर आला नाही. चहासुद्धा त्याने बाहेर हात काढून मागून घेतला. मागची दोन्ही टोकं त्याने एकट्याने अशी घासली, की फिंटनने टॉर्च मारून पाहिलं आणि त्याला नोकरी देऊ केली.

पुढच्या आठवड्यात फिंटनने नवं लोखंड जोडलं, वर काळा जाड लेप दिला. टेस्टच्या दिवशी सुलेखाने रजा घेतली. आत ट्रक गेला आणि ती बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी आशिष. त्याने मीटिंग रद्द केली होती. आतला माणूस ट्रकखाली फार वेळ होता. पट्टी टेकवून बघितलं, हातोडीने ठोकून बघितलं, दुसऱ्या माणसाला बोलावलं, दोघांनी ठोकलं. प्रत्येक ठोक्याला सुलेखा आशिषचं मनगट दाबत होती. शेवटी माणूस हात पुसत आला आणि म्हणाला, की वेल्डिंग सुंदर आहे, पण त्याहून सुंदर साफसफाई आहे, कुणी केली? सुलेखाने सांगितलं, "सॉफ्टवेअर इंजिनिअर्सनी." त्याला ते विनोदी वाटलं. बंड्या पास झाला होता.

येताना तिने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. आशिष उजवीकडे बसून घोरत होता.

संध्याकाळी रविकांत पेढे घेऊन दारात हजर. बंड्याभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून स्वतः घासलेली जागा बघितली, लेपावरून हात फिरवला, पेढा आधी बॉनेटवर ठेवला आणि मग सुलेखाला दिला. सुलेखा तेव्हा ट्रकमध्येच बसलेली, काच खाली करून. रविकांतला मान वर करून बोलावं लागत होतं.

"बाप्पाचीच कृपा बरं का, वहिनी," तो म्हणाला. "तर मग यंदाही नेहमीसारखं ठेवू ना? उलटा घ्यायचा, मागची चाकं पाण्यात. आणि या खेपेला लगेच धुवायचं, पाइप मी स्वतः धरतो. मी विचारून घेतलं एका गुरुजींना, चालतं म्हणाले."

सुलेखाने पेढा सावकाश खाल्ला. मग खाली बघत म्हणाली, "रविकांतभाऊ, धक्क्यापर्यंत बाप्पाला मी आणते. तिथून पुढे पाण्यात तुम्ही चालत जायचं. तुमची चासी दरवर्षी टेस्टला न्यावी लागत नाही."